फितीवरून माणूस ओळखताना

(इन्सुली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इन्सुलीचं नाव बाहेरच्या बऱ्याच लोकांना चेकनाक्यामुळे माहीत असतं. गाडी थांबते, आणि पहिला प्रश्न येतो, "कागद दाखवा." आजचा माझा विषयही तोच आहे. एखादी जुनी वस्तू समोर येते, ती काहीतरी सांगते, आणि आपण तिला विचारायचं, कागद कुठे आहेत?

वस्तू अगदी लहान आहे. सैनिकाच्या छातीवर डाव्या खिशाच्या वर रंगीत फितींची पट्टी असते, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पदकं रोज लावत नाहीत. परेडला, समारंभाला पदकं, आणि रोजच्या गणवेशावर फक्त त्या पदकांच्या फितींचे तुकडे, एका पट्टीवर ओळीने शिवलेले. इंग्रजीत रिबन बार म्हणतात, आपले फौजी नुसतं 'रिबन' म्हणतात. युरोपात जुन्या जर्मन सैन्याच्या अशा पट्ट्या जमवणारे पुष्कळ लोक आहेत आणि त्यातले काही जण नुसतं जमवत नाहीत, त्या पट्टीचा मूळ मालक कोण, हे शोधून काढतात. पट्टीवर नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. तरी कधी कधी नाव सापडतं. ते कसं, हे मी आधी सांगणार आहे. मग आपल्या कोकणातल्या पेट्यांकडे येऊ. आणि मध्ये माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे, कारण ती न सांगता हा विषय पुरा होत नाही.

जर्मन पट्टी कशी वाचतात

१८७१ ते १९१८ या काळातलं जर्मनी म्हणजे एक साम्राज्य होतं, पण त्याच्या पोटात पंचवीस राज्यं होती. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग ही चार तर राजेशाह्या. शिवाय छोटी संस्थानं, आणि हॅम्बर्ग, ब्रेमेन, ल्युबेकसारखी स्वतंत्र शहरं. आपल्याकडे सावंतवाडी, कोल्हापूर, सांगली होती ना, साधारण तसं समजा. आणि यातल्या बहुतेकांची स्वतःची पदकं होती. म्हणजे फितीचा रंग बघितला की माणूस कुठल्या राज्याशी बांधलेला होता, याचा पहिला अंदाज येतो.

दुसरी गोष्ट क्रम. फिती मनाला येईल तशा शिवायच्या नसत. मानाचा क्रम ठरलेला असे. आपल्या राज्याची पदकं आधी, परदेशी शेवटी. एकच पदक दोघांना मिळालं तरी प्रशियाचा माणूस ते एका जागी लावेल, सॅक्सनीचा दुसऱ्या जागी. त्यामुळे नुसत्या क्रमावरूनही घर कळतं.

आता एक पट्टी डोळ्यांसमोर आणा. ही समजुतीसाठी घेतलेली आहे. पहिली फीत काळी, कडेला पांढऱ्या रेघा. हा आयर्न क्रॉस, दुसरा वर्ग. पहिल्या महायुद्धात तो पन्नास लाखांच्या आसपास लोकांना मिळाला, म्हणजे यावरून माणूस सापडणार नाही. दुसरी बव्हेरियाच्या लष्करी सन्मानाची. इथे गर्दी एकदम कमी झाली. तिसरी हिंडेनबर्ग क्रॉसची. तो १९३४ साली सुरू झाला, महायुद्धात लढलेल्यांसाठी. म्हणजे ही पट्टी १९३४ नंतर शिवलेली आहे, आणि माणूस तोवर जिवंत होता. आणि चौथी लाल, पांढऱ्या रेघांची, तुर्कस्तानच्या युद्धपदकाची. जर्मन लोक त्याला 'लोखंडी चंद्रकोर' म्हणत.

जे आहे ते तर बघायचंच, पण जे नाही तेही बघायचं. १९३६ पासून हिटलरच्या सैन्यात दीर्घ सेवेचं पदक मिळू लागलं. ते या पट्टीवर नाही. म्हणजे बहुधा हा माणूस तोवर सैन्य सोडून घरी बसलेला होता.

आता हिशोब करा. समजा मी म्हटलं, इन्सुलीतला एक सावंत शोधा. तुम्ही हसाल. मग म्हटलं, मुंबईत गिरणीत काम केलेला सावंत. थोडे कमी झाले. गिरणीत काम केलेला आणि दशावतारात राजाची भूमिका करणारा सावंत. आता तुमच्यातलं कोणीतरी लगेच नाव सांगेल. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी बघितली तर सामान्य आहे, पण तिन्ही एका माणसात असणं दुर्मिळ आहे. फितींचं अगदी हेच असतं. बव्हेरियाचा माणूस आणि तुर्की पदक म्हटल्यावर शोधणाऱ्याला लगेच आठवतं की १९१७-१८ साली पॅलेस्टाइनमध्ये बव्हेरियाची एक विमान तुकडी होती, ३०४ क्रमांकाची. तिथून शोध सुरू करता येतो. पण हे लक्षात घ्या, 'शोध सुरू' करता येतो. तुर्की पदक आघाडीवर न गेलेल्या जर्मनांनाही मिळालेलं आहे.

मग कागद. जर्मन सैन्यात अधिकाऱ्यांच्या याद्या छापून निघत. नाव, हुद्दा, पलटण, आणि नावापुढे छोट्या खुणा, याला अमुक पदक, तमुक पदक. पट्टीवर जेवढ्या फिती तेवढ्याच खुणा कोणाच्या नावापुढे आहेत, हे ताडून बघायचं. शिवाय राजपत्रं आणि पलटणींचे छापील इतिहास. एक नाव उरलं तर आनंद. सात नावं उरली तर सात उरली म्हणायचं आणि थांबायचं.

इथे नशिबाचा भागही मोठा आहे. प्रशियाच्या सैन्याचे कागद पॉट्सडॅमला होते. एप्रिल १९४५ मध्ये तिथे बॉम्बहल्ला झाला आणि ते दफ्तर बहुतांश जळून गेलं. बव्हेरियाचं दफ्तर म्युनिकला होतं, ते मोठ्या प्रमाणावर वाचलं. त्यामुळे बव्हेरियाच्या साध्या शिपायाचाही माग लागू शकतो, आणि प्रशियाचा शिपाई मात्र बरेचदा हरवलेलाच राहतो. दोघे एकाच खंदकात असतील, पण एकाचं दफ्तर जळलं आणि दुसऱ्याचं राहिलं.

आपली पदकं: नाव कोरलेलं, तरी हरवलेलं

आता आपल्याकडे या. गंमत बघा, जर्मन पदकांवर सहसा नाव कोरलेलं नसे. आपल्या लोकांना ब्रिटिशांच्या फौजेत पहिल्या महायुद्धाची जी पदकं मिळाली त्यांच्यावर नाव आहे! चांदीचं गोल युद्धपदक घ्या, त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. तारेच्या आकाराचं पदक असेल तर मागच्या बाजूला. म्हणजे जर्मन शोधकाला ज्यासाठी वर्षं घालवावी लागतात, ते आपल्याला नुसता चष्मा लावून वाचता यायला हवं.

मग आपल्या घरांत पणजोबांची पलटण कोणाला सांगता येते का? फार थोड्यांना. कारण सरळ आहे. ते पदक चांदीचं होतं. साधारण अडीच तोळे चांदी. लग्न निघालं, दुष्काळ पडला, घर शाकारायचं होतं, पदक सोनाराकडे गेलं. त्यात मी कोणाला दोष देत नाही. ज्या घरात भात पुरत नव्हता म्हणूनच पोरगा पलटणीत गेला, त्या घराने चांदी वितळवली तर नवल काय? इंग्लंडमध्येही १९८० च्या सुमारास चांदीचा भाव चढला तेव्हा अशी पदकं ढिगाने वितळवली गेली. सोनाराने फीत मात्र घेतली नाही. फीत राहिली पेटीच्या तळाशी. म्हणजे ज्याच्यावर नाव होतं ते गेलं आणि ज्याच्यावर नाव नाही ते उरलं. आपण पुन्हा त्या जर्मन शोधकाच्याच जागी येऊन बसलो.

या फिती कशा वाचायच्या, थोडक्यात सांगतो. लाल, पांढरा, निळा, एकमेकांत विरघळलेले, ही ताऱ्याची फीत. मध्ये नारिंगी आणि दोन्ही कडांना पांढरा, काळा, निळा, ही त्या चांदीच्या युद्धपदकाची. इंद्रधनुष्यासारखी दुहेरी, ती विजयपदकाची. तिन्ही असतील तर माणूस १९१५ संपायच्या आत युद्धभूमीवर पोचला होता. फक्त शेवटच्या दोन असतील तर त्यानंतर गेला. आणि त्यांच्या पुढे हिरवी, मध्ये रुंद निळा पट्टा, अशी फीत असेल तर तो सरहद्दीवरच्या मोहिमांतही होता.

मजूर आणि इतर बिनलढाऊ कामासाठी नेलेल्या आपल्या कितीतरी लोकांना हेच युद्धपदक चांदीचं नव्हे, काशाचं मिळालं. फीत तीच. म्हणजे नुसत्या फितीवरून 'हा लढाऊ शिपाई होता' असंही छातीठोक सांगता येत नाही.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी याच भागातल्या एका घरात मला अशी पट्टी दाखवली. कोणतं घर ते सांगत नाही. आजी नव्वदीच्या पुढच्या. ट्रंक उघडली, कापडात गुंडाळलेली चार फितींची पट्टी काढली आणि म्हणाल्या, "ह्या सासऱ्यांचा. लढाईक गेल्ले, तेवढ्याच माका म्हायत." पदकं नाहीत. डिस्चार्जचा कागद होता, त्याचा वाळवीने चाळणी केलेला एक कोपरा उरला होता. पलटणीचं नाव गेलेलं.

चार फिती म्हणजे तारा, युद्धपदक, विजयपदक आणि ती हिरवी-निळी. मी मनात हिशोब केला. कोकणातला मराठा, १९१५ च्या आत युद्धावर. म्हणजे मराठा पलटण. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या, त्या मेसोपोटेमियात गेल्या, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कूत-अल-अमारा इथे तुर्कांनी त्यांना वेढलं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. घोडे कापून खायची वेळ आली. शेवटी सुमारे तेरा हजार लोक शरण गेले, आणि त्यातले कितीतरी कैदेत, वाटेवर मेले. समोरच्या तुर्की सैन्याचा सेनापती जर्मन होता, फॉन देर गोल्ट्झ. तोही वेढा संपायच्या दहा दिवस आधी बगदादला टायफसने मेला. मघाशी तुर्की पदकाची जी फीत सांगितली, ती छातीवर लावणारे जर्मन अधिकारी आपल्या कोकणी शिपायांच्या समोर होते. कथा इतकी छान जुळत होती, की मी ती सांगून टाकली. "आजी, तुमचे सासरे कूतच्या वेढ्यात होते."

मी 'बहुधा' म्हणालो होतो का? मला वाटतं, म्हणालो होतो. पण घरात 'बहुधा' राहत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या कुलदैवताच्या कार्यक्रमाची पत्रिका छापली, त्यात पणजोबा 'कूतच्या वेढ्यातील वीर' झाले.

मग दोन वर्षांनी त्याच घराण्यातल्या लालबागच्या एका चुलत नातवाने त्याच्याकडचं एक पदक मला दाखवलं. वितळवलेलं नव्हतं. दोन भावांत वाटणी झाली तेव्हा फिती गावी राहिल्या आणि एक चांदीचं पदक मुंबईला गेलं होतं. कडेवर नंबर, नाव बरोबर, आणि पुढे 'थ्री एस अँड एम'. मी खुर्चीत बसूनच राहिलो. तिसरी सॅपर्स अँड मायनर्स म्हणजे खडकीचे बॉम्बे सॅपर्स. मराठा पलटण नव्हेच.

गावी परत आलो, पट्टी पुन्हा मागितली, या वेळी भिंग घेऊन. पहिल्या फितीच्या मधोमध सुईची बारीक भोकं होती, भोवती थोडा गोल भाग कमी विटलेला. तिथे काहीतरी शिवलेलं होतं आणि ते पडून गेलं होतं. आता बघा, तारे दोन प्रकारचे. एक १९१४-१५ चा, आणि एक नुसता १९१४ चा. दुसरा फक्त ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांना मिळाला. दोन्हींची फीत एकच आहे! फरक एवढाच, की १९१४ च्या ताऱ्याचा माणूस प्रत्यक्ष गोळीबाराखाली असेल तर त्याने फितीवर एक छोटं चांदीचं फुल शिवायचं. ती भोकं त्या फुलाची होती, असं मला आज वाटतं.

खडकीच्या सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या १९१४ च्या शरदात फ्रान्सला पोचल्या होत्या. २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल या गावावर ४७ व्या शिखांबरोबर त्यांनी हल्ला केला. रस्ते आणि पूल बांधणारी माणसं, त्यांना पायदळासारखं घरोघरी लढायला लावलं. दोन्ही कंपन्यांचे सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. समोर तुर्क नव्हते, जर्मन होते. आयर्न क्रॉसच्या काळ्या-पांढऱ्या फितीवाले.

मग आजींचे सासरे त्या हल्ल्यात होते का? माझा मोह तोच होता, जुनी कथा काढायची आणि नवी जास्त छान कथा लावायची. पण पदकावर कंपनीचा क्रमांक नाही. सॅपर होते, हे पक्कं. १९१४ साली फ्रान्समध्ये होते, हे बऱ्यापैकी, पण सुईच्या भोकांच्या आधारावर. त्या दिवशी त्या गावात होते, हे माहीत नाही. मी घरी जाऊन तीन वाक्यं कागदावर लिहून दिली, प्रत्येकापुढे 'पक्कं', 'शक्य', 'माहीत नाही'. आणि कूतबद्दल माफी मागितली. आजी तोवर गेल्या होत्या. त्यांनी जाताना माझी चुकीची कथा बरोबर नेली, हे मला अजून लागतं.

नाव सापडण्याचं मोल

कोणी म्हणेल, कूत काय आणि फ्रान्स काय, शंभर वर्षांनी काय फरक पडतो? पडतो, कारण ज्याला आपण कूतला नेऊन बसवलं, त्याची जागा आपण दुसऱ्या कोणाकडून काढून घेतली. बाजारात तर हे रोज चालतं. बिननावाच्या पट्टीला एक पैसा मिळतो, 'अमुक मेजरची' म्हटलं की दहा मिळतात. मग नाव चिकटवलं जातं, आणि पुढच्या पिढीतला शोधक तेच पुरावा म्हणून वापरतो.

आणि आपल्या लोकांच्या बाबतीत नाव आधीच एकदा काढून घेतलेलं आहे. बसऱ्याला मेसोपोटेमियातल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मारक आहे. त्यावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली, भारतीय साध्या शिपायांची नाही. त्यांचा पलटणवार आकडा दिला. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने हे मान्य केलं, की पहिल्या महायुद्धातले किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृत असे आहेत ज्यांचं नावाने स्मरण झालं नाही किंवा मुळीच झालं नाही. यात भारतीय, आफ्रिकी, इजिप्तचे असे लोक आहेत. आपल्या खेड्यांतूनही संगमरवरी पाट्या लावल्या गेल्या, 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यापैकी इतके कामी आले.' इतके! कोण, ते नाही. मालवण किनाऱ्यावरचे खलाशीही गेले. मुंबईच्या खलाशीगृहात दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचं स्मारक आहे, ज्यांची कबर म्हणजे समुद्रच.

तेव्हा घरातल्या फितीला खरं नाव देणं म्हणजे त्या आकड्यातून एक माणूस परत घरी आणणं आहे. म्हणून ते बरोबर असायला हवं.

काय करायचं

पहिलं, फिती धुवू नका, इस्त्री करू नका, नवीन कापडावर शिवू नका. भोकं, धागे, मागचा कागद, शिंप्याचं लेबल, हाच पुरावा असतो. दुसरं, पुढून आणि मागून फोटो काढा. पदक असेल तर कड गोल फिरवत वाचा आणि नंबर आधी उतरवा. नावापेक्षा नंबर महत्त्वाचा. पलटणीत राम सावंत पंधरा असतील, आणि इंग्रज कारकुनाने पंधराही वेगळ्या स्पेलिंगने लिहिले असतील. नंबर त्या पलटणीत एकाचा.

तिसरं, आणि हे खास आपल्यासाठी. जुन्या कागदात 'सिंधुदुर्ग' शोधू नका. जिल्हा १९८१ चा आहे. त्याआधी रत्नागिरी. पण आपला हा भाग तेव्हा रत्नागिरीतही नव्हता, सावंतवाडी संस्थानात होता. इथला माणूस 'सावंतवाडी स्टेट' खाली सापडेल, मालवणचा रत्नागिरीखाली. पलटणींचे आकडेही १९२२ साली बदलले. १०३ ती पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ ती दुसरी, ११० ती तिसरी. पणजोबांच्या पदकावर १०३ असेल आणि आजोबा 'पहिली' म्हणत असतील तर दोघे एकाच पलटणीचे. आणि शेवटचं, मुंबईच्या भावकीला फोन करा. अर्धी पेटी तिकडे असते.

प्रश्नोत्तरांतून

एका काकांनी विचारलं, "आमच्याकडे फीत पण नाही. नुसता आजोबांचा गणवेशातला फोटो आहे, काळा-पांढरा. त्यावरून कळेल?"

कळू शकतं, पण सांभाळून. त्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लाल काळपट येतो आणि निळा फिका. आपण उलट समजतो. म्हणून रंगाचा अंदाज करू नका. पट्ट्यांची संख्या आणि रुंदी मोजा, मधोमध काही चकाकतं का बघा. आणि काका, फोटोच्या मागे काही लिहिलेलं आहे का?

"फ्रेम केलाय. मागे बघूक नाय."

मग आज घरी गेल्यावर फ्रेम उघडा. हळू उघडा. आणि जे दिसेल तेवढंच लिहून ठेवा.